मापाच्या वहीतली विहीर

माझ्या हाताला एक खोड आहे. मळकट काही दिसलं की तो शिवशिवतो. कुणाकडे पाहुणी म्हणून गेले तरी त्यांचे पडदे उतरवून भट्टीत उकळायला टाकावेत असं वाटत राहतं, आणि एकदा मी ते खरंच केलं होतं, पण ते जाऊ दे. लॉन्ड्री चालवणाऱ्या बाईला ही खोड असलेली बरी. फक्त तिच्यापायी आमची विहीर जायची वेळ आली होती. विहीर गेली असती तर लॉन्ड्री गेली असती, आणि लॉन्ड्री गेल्यावर आम्ही काय वारा खाऊन राहणार होतो? तीच गोष्ट सांगते. मधे कोणी बोलू नका, माझा धागा तुटतो.

आमचं घर म्हणजे रस्त्याकडे तोंड करून दोन दुकानं, मागे अंगण आणि अंगणात विहीर. डावीकडच्या दुकानात लॉन्ड्री. मी धुते, आमचे हे इस्त्री करतात. उजवीकडच्या दुकानात माझे धाकटे दीर कपडे शिवतात. भाऊजींनी लग्न केलं नाही, शिवणयंत्राशीच त्यांचं सूत जुळलं, असं मी त्यांना वीस वर्षं चिडवतेय आणि वीस वर्षं ते न हसता सुई ओवतायत. माणूस कमी बोलतो, पण माप म्हणजे माप. बाही अर्ध्या इंचाने चुकली, तर गिऱ्हाईक राहू द्या म्हणत असतानाही ती उसवून परत शिवून देणार.

पाच वर्षांपूर्वी चढावर बाटलीबंद पाण्याचा कारखाना आला. दोन खोल बोअर मारल्या. जमिनीखालचं पाणी उपसायचं, गाळायचं, बाटलीत भरायचं आणि वर बर्फाच्या डोंगराचं चित्र चिकटवायचं. आमच्या चढावर बर्फ कुणाच्या बापाने पाहिलाय? पण आम्ही गप्प होतो, कारण त्या कारखान्याचे गणवेश आमच्याकडेच धुवायला यायचे. दर आठवड्याला तीन गठ्ठे, म्हणजे आमच्या कामाचा तिसरा हिस्सा. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतो?

भाऊजीही काही बोलले नाहीत, पण त्यांनी एक पट्टी शिवली. खाटेला लावतात तशी जाड सुती नवार आणली, दोन दिवस गार पाण्यात भिजवून वाळवली. चांगला शिंपी कापड आधी भिजवून घेतो, म्हणजे ते नंतर आकसत नाही. मग तिच्यावर दर फुटाला लाल दोऱ्याची आणि दर इंचाला निळ्या दोऱ्याची खूण घातली. चाळीस फूट लांब पट्टी, टोकाला शिशाचा गोळा. रोज सकाळी सहाला ते कठड्यावरून पट्टी सोडायचे, गोळा पाण्याला टेकला की कठड्यापाशी कोणती खूण आली ते बघायचे आणि त्यांच्या मापांच्या वहीत लिहायचे. त्या वहीत गिऱ्हाइकांच्या छाती-कंबरा असतात. शेवटच्या पानांवर एक गिऱ्हाईक होतं: विहीर. कारखाना आला तेव्हा पाणी चौदा फुटांवर होतं. हळूहळू ते सतरावर गेलं, मग एकोणीसवर, मग एकवीसवर. भाऊजी वही घेऊन गल्लीत चार दारी गेलेसुद्धा, पण पालथ्या घड्यावर पाणी. लोक म्हणाले, विहीर आहे, होतं कमीजास्त.

आता माझा पराक्रम ऐका. गेल्या वर्षी एका सकाळी, भाऊजींचं माप घेऊन झाल्यावर, मला मागच्या दाराच्या खिळ्यावर ती पट्टी लटकलेली दिसली. हिरवीगार. शेवाळ, बुळबुळ आणि वास. माझा हात शिवशिवला. भट्टीत लॉजच्या चादरी उकळत होत्या, शिशाचा गोळा सोडवला आणि पट्टी दिली त्यात ढकलून. बाहेर काढली तेव्हा अशी पांढरी निघाली की बघत राहावं, आणि दोरेही जरा म्हणून उतरले नाहीत. यांनी तर तिला खळ देऊन इस्त्रीही केली. संध्याकाळी मी गोळा परत बांधला आणि पट्टी खिळ्यावर टांगली. दुसऱ्या दिवशी भाऊजी एवढंच म्हणाले, पट्टी उजळली की. त्यांना वाटलं मी बादलीत साबण लावून खळबळली असेल. मीही भट्टीचं काही बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं त्यात?

आणि त्याच सकाळी पट्टीने बावीस फूट एक इंच दाखवलं. काल एकवीस, आज बावीसच्या वर. भाऊजींनी तीनदा सोडून पाहिली. मी शेजारीच उभी होते. एका रात्रीत फूटभर पाणी गेलं, हे ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी हातातला पिळा तसाच बादलीत टाकला आणि गल्लीत धावले. बेकरीवालीला सांगितलं, सायकलवाल्याला सांगितलं, दवाखान्यातल्या कंपाउंडरला बाहेर बोलावून सांगितलं. चार वर्षं जी गल्ली वही बघून जांभया देत होती, ती त्या एका फुटाने ताडकन उठली. कारखाना आल्यापासून विहिरीचं पाणी आठ फूट खाली गेलं, अशी सत्तेचाळीस सह्यांची तक्रार आठवड्याच्या आत पाणी खात्यात गेली. नेमका त्याच महिन्यात कारखान्याने तिसऱ्या बोअरसाठी अर्ज टाकला. खात्याने दोन्ही कागद एकत्र केले आणि सुनावणीची तारीख लावली. तिसरी बोअर झाली तर आमची विहीर वर्षभरात कोरडी, हे सांगायला शहाणा लागत नव्हता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि पोहऱ्यात नाही तर माझ्या भट्टीत कुठून येणार?

सुनावणीच्या दिवशी सकाळी आठला मी नवी साडी नेसून तयार होते. घोडामैदान जवळ आलं होतं. सुनावणी अकराला. खात्याच्या पत्रात लिहिलं होतं की मापाचं साधन बरोबर आणावं. म्हणून भाऊजींनी पट्टी कटिंगच्या टेबलावर अंथरली आणि शेजारी आपला कापड मोजायचा लोखंडी गज ठेवला. खरं तर फुशारकी म्हणून. साहेबांना सांगता आलं असतं, बघा, केसाचा फरक नाही.

बराच वेळ झाला तरी ते बाहेर येईनात म्हणून मी आत डोकावले. गज तीन फुटांचा. पट्टीवरची तीन फुटांची लाल खूण गजाच्या टोकाच्या जवळजवळ दोन इंच अलीकडे थांबली होती. भाऊजींनी पट्टी ताणली, सैल सोडली, उलटी करून लावली. तेवढाच फरक. पुढच्या तीन फुटांना तेवढाच, त्याच्या पुढच्या तीन फुटांनाही तेवढाच.

“मी हिला भिजवून घेतली होती,” ते म्हणाले. “ही आकसणार कशी?”

शिंप्याचं गार पाणी वेगळं आणि लॉन्ड्रीची भट्टी वेगळी, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी सांगून टाकलं. भट्टी, चादरी, खळ, इस्त्री, सगळं. सांगताना माझ्याच लक्षात आलं की तो एका रात्रीत गेलेला फूट पाण्याचा नव्हताच. पट्टी आखूड झाली आणि माप लांबलं. ज्या फुटावर मी गल्ली उठवली, सत्तेचाळीस सह्या घेतल्या, तो फूट मीच भट्टीत उकळला होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो दांडा म्हणजे मी.

आमचे हे इस्त्री टेकवून आले. ते म्हणाले, पट्टी न्यायचीच नाही, हरवली म्हणायचं, वही तेवढी दाखवायची. खरं सांगते, मलाही तेच सुचलं होतं. भाऊजींनी वही मिटली.

“वहिनी, माझ्या वहीत खोटं माप आहे,” ते म्हणाले. “सहा महिने मी त्याच्याखाली सही करतोय. मी येणार नाही. आणि आजपासून कुणाचं माप घेणार नाही.”

त्यांनी गळ्यातला टेप काढला, घडी करून खणात ठेवला आणि दुकानाचं अर्धं दार ओढलं. वीस वर्षांत मी त्यांना टेपशिवाय पाहिलं नव्हतं. मान कशी उघडी दिसत होती. मला असा राग आला, असा राग आला, आणि नेमका स्वतःवरच आल्यामुळे तो कुठे काढावा कळेना. मी भट्टीकडे गेले आणि रिकामी बादली आपटली.

तेवढ्यात एक बाई काउंटरवर आल्या, हातात लोकरी स्वेटर. त्यांचंच जुनं भांडण होतं, की मी तो आकसवला आणि आता मी तो लांब करून द्यावा. मी त्यांना नेहमीचं उत्तर दिलं, की बाई, आकसलेलं कापड एकदा आकसतं, ते आपोआप परत लांब होत नाही, आणि लांब होऊन पुन्हा आकसत तर मुळीच नाही, आमच्या धंद्यात असा चमत्कार अजून कुणी पाहिलेला नाही. बोलता बोलता माझी जीभ मधेच थांबली.

मी त्या बाईला तिथेच सोडून शेजारच्या दुकानात पळाले आणि भाऊजींच्या पुढ्यातली वही ओढली. शेवटची पानं. बावीस, साडेबावीस, तेवीस, वाढत वाढत सव्वीस. आणि मग? पावणेसव्वीस. साडेपंचवीस. पंचवीस. आठ दिवस आकडा उतरत गेला होता, साडेतेवीसपर्यंत. मग परत चढायला लागला होता, पावणेचोवीस, चोवीस, आणि त्या दिवशी सकाळपर्यंत थेट तीस. तेव्हा आम्ही म्हटलं होतं, वर कुठेतरी पाऊस झाला असेल. सगळी गल्ली त्या एका फुटालाच धरून बसली होती, या आठ दिवसांकडे बघायला कुणाला वेळ होता?

“भाऊजी, पट्टी आकसली ना? मग या आठ दिवसांत ती लांब कशी झाली? आणि नवव्या दिवशी परत आकसली, तर तिला दुसऱ्यांदा भट्टीत कोणी घातली?”

त्यांनी वर पाहिलं. मी तारखा बघत होते, आणि त्या तारखा मला पाठ होत्या. त्याच आठवड्यात आमच्या दुकानात गणवेशांचा डोंगर आला होता. तीन नाही, एकोणीस गठ्ठे. पडदे, आच्छादनं, सगळं. यांची कंबर धरली होती त्या आठवड्यात. आणि गठ्ठ्यांबरोबर एक पत्र आलं होतं. मी परत लॉन्ड्रीत पळाले. स्वेटरवाली बाई अजून उभीच होती, तिला म्हटलं, बाई, तुमचे उपकार झाले, स्वेटर मी नवा विणून देईन, आता जा. पावत्यांच्या खिळ्यावरून मी एकेक कागद उपसत गेले, आणि तळाशी ते पत्र निघालं. यंत्रांच्या वार्षिक दुरुस्तीसाठी कारखाना आठ दिवस पूर्ण बंद राहील, तरी सर्व गणवेश व पडदे या मुदतीत धुऊन मिळावेत. खाली तारीख, शिक्का आणि मॅनेजरची सही.

कारखाना बंद, पाणी वर. कारखाना सुरू, पाणी खाली. मी ते पत्र हातात घेऊन दुकानात अक्षरशः नाचले. हे म्हणाले, अगं, हळू, लोक बघतायत. म्हटलं, बघू देत.

भाऊजी म्हणाले, हे सगळं ठीक, पण आधी चूक सांगायची आणि मग तक्रार. ती अट मान्य असेल तर वही न्या. ते स्वतः मात्र आले नाहीत. म्हटलं, चूक माझी, सांगेन मी.

पाणी खात्याचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. लांबट खोली, लांबट टेबल, भिंतीला फायलींची कपाटं, आणि टेबलावर प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक पाण्याची बाटली, बर्फाच्या डोंगराची. अधिकारी एक बाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी आपल्या पिशवीतून घरची बाटली काढून पाणी प्यायलं, तेव्हा मला जरा धीर आला. समोर कारखान्याचे मॅनेजर. गोड माणूस, आवाज मऊ. अंगातला शर्ट यांनी इस्त्री केलेला, ते मी कॉलरवरून ओळखलं.

मॅनेजरसाहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला की हे आठ फुटांचं माप कोणत्या साधनाने घेतलं. त्यांच्या तोंडावर असं हसू होतं की मी ताडलं, साहेबांना संशय आलेला आहे. मी उठून उभी राहिले. पुढ्यात त्यांचीच बाटली होती. मी ती बाजूला सारली.

“मॅडम, पट्टी आकसलेली आहे. मी ती भट्टीत उकळली. तक्रारीतले आठ फूट खोटे आहेत, खरे सात आहेत.”

आमची बेकरीवाली डोक्याला हात लावून खाली बसली. बाईंनी कपाटातून पोलादी टेप काढला, दोन शिपायांना पट्टी धरायला लावली आणि खोलीच्या लांबीला मोजलं. पट्टीचे वीस फूट म्हणजे टेपचे बरोबर एकोणीस. पुढच्या पाच फुटांनाही तोच हिशेब बसला. विसाला एक वजा. मॅनेजरसाहेब हळहळले, फार हळहळले. म्हणाले, ताईंच्या प्रामाणिकपणाचं कौतुक आहे, पण साधनच सदोष असेल तर वहीतला एकही आकडा धरता येणार नाही. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच, असं हे माझ्या कानात पुटपुटले.

मी म्हटलं, मॅडम, फक्त एक प्रश्न. आणि वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली, त्या आठ दिवसांवर बोट ठेवून. मग स्वेटरवालीला दिलेलं उत्तर त्यांना दिलं, शब्दाला शब्द. कापड एकदा आकसतं. लांब होऊन पुन्हा आकसत नाही. मग मी ते पत्र वहीशेजारी ठेवलं. बाईंनी तारखा बघितल्या. पत्रातली पहिली, वहीतली पहिली. पत्रातली शेवटची, वहीतली शेवटची. पेनाचं टोपण परत निघालं.

त्यांनी मॅनेजरला विचारलं, ही सही तुमची का. त्यांनी सही बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि हो म्हणाले. मग योगायोग म्हणाले, पाऊस म्हणाले, झरे म्हणाले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की ठीक, योगायोग असेल तर पुन्हा होणार नाही. आजपासून आठ दिवस दोन्ही पंप बंद ठेवा, मी सील लावते. बंद ठेवायचे नसतील तर याच दोन कागदांवर मी निकाल देते. मॅनेजरसाहेबांनी रुमाल काढून कपाळ टिपलं. रुमालही आमच्याच इस्त्रीचा.

दुपारी बाई स्वतः आमच्या अंगणात आल्या. पोलादी टेप विहिरीत सोडला, आकडा कागदावर लिहिला, आम्हाला न दाखवता पाकिटात घातला आणि पाकिटावर लाख लावली. म्हणाल्या, तुम्ही रोजच्यासारखंच पाणी वापरा, आठव्या दिवशी सकाळी सहाला येते. त्यांची पाठ वळते न वळते तोच कारखान्याची गाडी आली आणि गणवेशांचे तीन गठ्ठे न धुताच उचलून घेऊन गेली. मला कळायचं ते कळलं. यांनी रिकाम्या फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, चला, कंबरेला आराम.

ते आठ दिवस माझे कसे गेले ते माझं मला माहीत. रोज दहादा मी विहिरीत वाकून बघायचे. पाणी दिसायचं, पण वर आलं की तिथेच आहे हे काळ्या पाण्याकडे बघून कोण सांगणार? मोजायचं नाही असं ठरलेलं. आणि भाऊजी तर विहिरीकडे फिरकेनात. दुकानाचं दार अर्धं ओढलेलं. गिऱ्हाईक आलं की ते सांगायचे, सध्या माप घेत नाही. गिऱ्हाइकांनी समजावलं, मी समजावलं, हेही दोनदा जाऊन बसून आले. ते म्हणायचे, ज्याला विहिरीचं माप घेता आलं नाही त्याने माणसाचं कशाला घ्यावं. मात्र चौथ्या दिवशी मला आतून यंत्राचा आवाज आला, थोडासाच, दोन-चार टाके घातल्यासारखा. विचारलं तर म्हणाले, काही नाही.

आठव्या सकाळी पावणेसहालाच अंगण भरलं. सगळी गल्ली कठड्याभोवती. बेकरीवाली पिठाच्या हातांनीच आलेली, मॅनेजरसाहेब घड्याळ बघत उभे. मला उभं राहवेना आणि बसवेना. बाई आल्या, टेप काढला, आणि तेवढ्यात भाऊजी मागच्या दारातून बाहेर आले. हातात पट्टी. गर्दीने वाट दिली. ते बाईंना म्हणाले, परवानगी असेल तर आधी मी सोडतो.

बाईंनी मान हलवली. भाऊजींनी पट्टी सोडली. इतकी शांतता, की गोळा पाण्याला टेकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यांनी कठड्यापाशी बोट धरलं, खाली वाकून खूण वाचली, डोळे मिटून ओठ हलवले आणि वहीत लिहून वही मिटली.

“पट्टी साडेसत्तावीस दाखवतेय,” ते म्हणाले. “विसाला एक वजा. खरं पाणी सव्वीस फूट दीड इंचावर आहे.”

मग बाईंनी पोलादी टेप सोडला. त्यांना चष्मा वर सरकवावा लागला, परत खाली आणावा लागला, आणि तोवर माझा जीव टांगणीला. त्यांनी आकडा वाचला. सव्वीस फूट दीड इंच.

गल्लीने एकच ओरडा केला. मी काय केलं ते मला आठवत नाही, हे म्हणतात मी बेकरीवालीला उचललं. बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, पाकिटाची लाख फोडली आणि पहिल्या दिवसाचा कागद वाचला. अठ्ठावीस फूट सहा इंच. भाऊजींच्या वहीत त्या सकाळी तीस लिहिलेलं होतं, तिसातून दीड गेले की राहिले साडेअठ्ठावीस. आठ दिवसांत पाणी सव्वादोन फुटांहून जास्त वर आलेलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? बाईंनी कठड्यावर फाइल ठेवून तिथेच दोन ओळी लिहिल्या. तिसऱ्या बोअरचा अर्ज नामंजूर. जुन्या दोन बोअरपैकी एक कायमची बंद, दुसरीला खात्याचं मीटर. मॅनेजरसाहेबांनी सही केली. मान खाली घालून निघाले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, शर्ट धुवायला आणून देत चला, शर्टाशी आमचं भांडण नाही.

बाई निघता निघता भाऊजींच्या वहीशी थांबल्या. त्यांनी चार वर्षांची पानं चाळली आणि म्हणाल्या की आमच्या खात्याकडे या भागाचं एकही माप नाही, या वहीची नक्कल मिळेल का. भाऊजींनी नुसती मान हलवली, आणि मी पहिल्यांदा त्यांचे डोळे भरलेले पाहिले. मग माझेही भरले, आता लपवायचं काय त्यात.

गर्दी पांगली. भाऊजी दुकानात गेले, खण उघडल्याचा आवाज आला, आणि बाहेर आले तेव्हा टेप गळ्यात होता. पट्टी त्यांनी मागच्या दाराच्या खिळ्यावर टांगली. मी तिच्याकडे नीट बघितलं. गोळ्याच्या वर, पट्टीला एक छोटं पांढरं लेबल शिवलेलं होतं, कपड्याच्या कॉलरला असतं तसं. चौथ्या दिवशीचे टाके ते हेच. म्हणजे त्या पट्टीवर त्यांचा भरवसा होता, निकालाच्या चार दिवस आधीपासून. लेबलावर लाल दोऱ्याने दोन ओळी भरल्या होत्या. विसाला एक वजा. भट्टीत घालू नये.

मी हसले, आणि हसता हसता रडले. भाऊजी म्हणाले, वहिनी, उद्यापासून सकाळचं माप तुम्ही घ्या, मी लिहितो.

तेव्हापासून रोज सहाला पट्टी मी सोडते. आज सकाळी एकोणीस होतं, म्हणजे खरं अठरा फूट आणि वर थोडं. पट्टी परत हिरवट दिसायला लागली आहे. माझा हात शिवशिवतो. पण मी ती तशीच ओली खिळ्यावर टांगते आणि चादरी उकळायला जाते.